एकच रेघ

आमच्या प्रयोगशाळेत व्हाइटनरला बंदी आहे.
खोडरबराला आहे. पेन्सिल तर दारातच काढून घेतात.
पहिल्या दिवशी ऑरेलियोबाबनी सांगितलं होतं:
आकडा चुकला तर त्यावरून एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण.
गिरवायचं नाही, झाकायचं नाही,
आणि पान फाडलंत तर दुसऱ्या दिवशी येऊ नका.

सहा वर्षं मी हे करते आहे वेर्ण्याच्या पठारावर.
पहाटेच्या बसमधली अर्धी झोप डोळ्यांत असताना
७.३८ चे ७.८३ होतात. होतात तर होतात.
माझ्या नोंदवह्यांत अशा चाळीसेक रेघा असतील,
एकीचीही कधी लाज वाटली नाही.

तोंडाचं म्हणाल तर
तिथे मी सहा वर्षं व्हाइटनर लावून बसले होते.

मी पेडण्याकडची, चांदेलची.
घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा,
आणि पाचवीच्या जूनमध्ये सगळी पुस्तकं एकदम इंग्रजी,
भूगोलसुद्धा, ज्यात आमचीच शापोरा नदी होती
आणि मला ती ओळखू आली नाही.
वाचायला शिकले. लिहायला शिकले.
बोलायचं म्हटलं की वाक्य टाळूला चिकटायचं,
फणसाच्या चिकासारखं. तेल लावलं तरी सुटेना.

सोमवारच्या बैठकीत मी मनात वाक्य रचायचे:
हॅज की हॅव, इन की ऑन,
एक एक शब्द काट्यावर ठेवून, दार लावून,
आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे.
तो स्थिर व्हायचा तेव्हा
लोक चहाचे कप गोळा करत असायचे.

कुठ्ठाळीची बेर्तीन शेजारी बसते, धबधब्यासारखी बोलते.
एकदा मी तिच्या चुका मोजल्या, वहीच्या कोपऱ्यात टिंबं देत.
अकरा.
कुणी मान वर केली नव्हती.
ते टिंबांचं पान मला फाडताही आलं नाही.

मग तपासणी आली.
राखाडी केसांच्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात.
पानं उलटत उलटत माझ्या एका रेघेपाशी थांबल्या.
हे काय झालं?
ऑरेलियोबाबनी तोंड उघडलं.
बाईंनी त्यांच्याकडे न बघता तळवा वर केला
आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. हिने सांगू दे.

"आय वॉज रीड," मी म्हटलं,
आणि वाक्य तिथेच मोडलं.
एसीचा आवाज. बेर्तीनच्या पेनाचं टोपण.
कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या
की त्यांवर बीकर ठेवला असता तर पाणी उकळलं असतं.

नंतर बेर्तीन सांगते, मी हवेत बोट आडवं ओढलं.
मला आठवत नाही. इतकंच आठवतं, मी म्हटलं,
"नो. आय रेड. आय रेड इट राँग, आय रोट इट राँग.
देन आय चेक."
चेकच्या शेवटचा तो बारीक आवाज राहिला.
राहिला तो राहिला, मी पुढे गेले:
कुठला काटा, कितवं वजन, कुणाला दाखवलं.

बाईंनी मान हलवली नाही की हसल्या नाहीत.
त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.
तो मला कळलाच नाही.
"अगेन, प्लीज," मी म्हटलं,
जसं बसमध्ये म्हणतो, जरा सरका.

संध्याकाळी झुआरीच्या पुलावर बस रेंगाळली.
खाली बार्ज चालले होते, पोटाशी पाणी घेऊन.
बेर्तीन झोपली होती, तोंड उघडं टाकून.
मी खिडकीच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली,
शेजारी सही, तारीख.

कारणाच्या रकान्यात आम्ही नेहमी लिहितो, नजरचूक.
इथे ते बसत नव्हतं.
थोडा वेळ गेला. मागून हॉर्न वाजले.
मग लिहिलं:
बोलत होते.